उमेदवारीची दोन वर्षे

(ट्रस्टच्या महोत्सवी वर्षानिमित्त निपाणी येथे भरलेल्या शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ट्रस्टच्या चिटणीसांनी मला जो विषय लिहून पाठविला तो असा : व्यवसाय-विश्लेषण, म्हणजे तुमच्या भाषेत बिझनेस ॲनालिटिक्स, हा विषय घेऊन एम.बी.ए. करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत कोणती कौशल्ये मिळवावीत व ती कशी मिळवावीत. मी बी.एस्सी., बी.एड. झालेला हायस्कुलातील गणिताचा शिक्षक. या शास्त्रात माझा अधिकार एवढाच की, समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना अपूर्णांक मी शिकविले आहेत आणि नोकरीला लागलेले माझे जुने विद्यार्थी अडले म्हणजे अजून मला फोन करतात. त्यांच्या अडचणी ऐकून जे समजले तेच आज सांगणार आहे. एक चमत्कारिक गोष्ट अशी की, आजवर एकाही फोनमध्ये अवघड गणिताची अडचण आलेली नाही.

मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी हे नवे नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. दुकानात, कारखान्यात, पेढीवर रोज जे आकडे जमतात ते नीट लावावयाचे आणि त्यांवरून मालकाने पुढे काय करावे हे सांगावयाचे, एवढाच या विद्येचा अर्थ. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला मुनीम हे काम करीतच असे. रोजकीर्द लिहावी, तिच्यावरून खतावणी करावी, वर्षअखेर ताळेबंद काढावा आणि शेठजींच्या कानाशी लागून म्हणावे, ‘अमक्याला यंदा उधार देऊ नये.’ फरक इतकाच की, मुनीम त्या अमक्याला ओळखत असे. त्याच्या मुलीचे लग्न कधी झाले, त्याच्या विहिरीला पाणी किती, हे त्याला ठाऊक असे. आजचा विश्लेषक पुण्याला किंवा बेंगळुरूला काचेच्या खोलीत बसतो, गिऱ्हाईक चिकोडीला असते आणि दोघांच्यामध्ये संगणकांची रांग उभी असते. आकडा त्याच्यापर्यंत पोचतो तो आपली ओळख वाटेत हरवून.

त्या मुनिमाच्या हाताखाली जो पोरगा काम शिकावयास येई, त्याच्या शिकण्याला ‘उमेदवारी’ म्हणत. हा चांगला शब्द निवडणुकांनी आपल्यापासून पळविला. मी तो आज परत मागतो. त्या काळी उमेदवाराला बिनपगारी राबवून घेत, तो भाग परत नको. परंतु पदवी हाती आल्यानंतरची पहिली दोन वर्षे, पगार मिळत असला तरी, उमेदवारीचीच मानावीत, असे माझे म्हणणे आहे.

सांप्रत या उमेदवारीवरच एक संकट आले आहे. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत नव्या माणसाला पहिल्या वर्षी कोष्टके बनविणे, आलेख काढणे, पायथन किंवा एस.क्यू.एल. यांत आज्ञा लिहिणे अशी कामे मिळत. त्यांत चुकत-माकत तो तयार होई. आता दोन ओळींत सांगितले की हे सारे यंत्रच लिहून देते, आणि ते पुष्कळदा बरोबरही असते. मग कंपनीवाला विचारतो, नवा माणूस घेऊ कशाला? ज्या पायरीवर पाय देऊन वर चढावयाचे, ती पायरीच झिजत चालली आहे. आपल्या मुलांना शिक्षणासाठी हल्ली दूर जावे लागत नाही. बेळगावास १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ झाले, २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, पलीकडे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहेच. पदवी घरच्या भाकरीवर मिळते. पहिली नोकरी मात्र परगावी शोधावी लागते, आणि तेथे आपल्या ओळखीचे कोणी नसते.

तेव्हा यंत्राला जे येत नाही ते आपल्याला आले पाहिजे. यंत्राला आकड्यांची बेरीज येते; आकड्याचे जन्मगाव त्याला ठाऊक नसते. तो आकडा कोणी लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला, कोणत्या मापात लिहिला, लिहिताना काय वगळले, हे तेथे जाऊन पाहावे लागते आणि माणसाला विचारावे लागते. आणि मित्रहो, हे शिकण्यास आपल्या या सीमाभागासारखी दुसरी शाळा मिळणे कठीण! वानगीदाखल सांगतो.

निपाणी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र ३.२० असे लिहिले आहे. चार मैलांवर कागल तालुक्यात त्याच्याच चुलत भावाच्या सात-बारावर क्षेत्र ३.२० लिहिले आहे. दोघांनी एकाच बँकेकडे कर्ज मागितले आणि दोन्ही आकडे एकाच रकान्यात भरले गेले. यंत्राच्या दृष्टीने दोघे सारखे जमीनदार. पण कर्नाटकातील उताऱ्यात एकर आणि गुंठे असतात, महाराष्ट्रातील सात-बारात हेक्टर आणि आर. निपाणीकराचे ३.२० म्हणजे तीन एकर वीस गुंठे, अर्थात साडेतीन एकर. कागलकराचे ३.२० म्हणजे तीन हेक्टर वीस आर, जवळजवळ सात एकर छत्तीस गुंठे. दुपटीहून अधिक! आणखी गंमत पाहा. निपाणीकराची दुसरी एक पट्टी १.३० आहे. यंत्र दोहोंची बेरीज ४.५० करील. शाळेतल्या मुलाने तशी केली तर मी त्याला उभा करीन, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. वीस आणि तीस मिळून पन्नास गुंठे, म्हणजे एक एकर दहा गुंठे, आणि उत्तर पाच एकर दहा गुंठे. कागलकडच्या आकड्यांची बेरीज मात्र ४.५० च बरोबर, कारण शंभर आरांचा हेक्टर. हा हिशेब आपल्या आजोबांना तोंडपाठ असे. बेंगळुरूच्या खोलीतल्या हुशार मुलाला तो कोणी सांगत नाही. सांगणारा माणूस तुम्ही व्हा.

नावांचे तसेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारने बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी केले. परंतु जुन्या वह्यांत, जुन्या नोंदींत इंग्रजीतून जुनेच नाव आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात एका माल पोचविणाऱ्या कंपनीत लागली. तिच्या पहिल्याच महिन्यात तिच्यापुढे जो तक्ता आला त्यात बेळगाव व बेळगावी असे दोन निरनिराळे जिल्हे होते, आणि एकाची मागणी वर्षानुवर्षे घटत आहे म्हणून तेथील गोदाम लहान करावे, अशी सूचना खाली टाचलेली होती. ती पोरगी खडकलाटच्या बाजूची. तिने हात वर केला. माणसांच्या नावांची तर बोलायलाच नको. आमच्यात ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात, आणि एकाच माणसाच्या आधारावर एक, पासबुकावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे असे ते सापडते. कन्नड कारकुनाने ऐकून लिहिलेले, मराठी मास्तराने लिहिलेले, उर्दूतून उतरविलेले, अशी तिन्ही रूपे एकाच घरात नांदतात. यंत्र त्यांना तीन माणसे समजते. ज्याला या तिन्ही भाषा कानावरून तरी ठाऊक आहेत, त्याला हे लगेच दिसते. म्हणून कन्नडचा कंटाळा करू नका. सीमेचा वाद ज्याला घालावयाचा त्याने घालावा. कन्नड उतारा वाचता येणे हे मात्र तुमच्या धंद्याचे हत्यार आहे.

आता कॅलेंडर घ्या. कापडवाल्याची विक्री महिन्यामहिन्याने मांडून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहण्याची रीत आहे. रमजान ईद २०२४ साली ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. ईदेची खरेदी आधीच्या दहा-बारा दिवसांत होते. म्हणजे २०२४ मध्ये त्या खरेदीचा मोठा भाग एप्रिलात पडला आणि २०२५ मध्ये सगळी मार्चात. दोन एप्रिल महिन्यांची तुलना केली की मालकाला वाटेल, धंदा बसला. दोन मार्च महिन्यांची केली की वाटेल, नशीब उघडले! खरे पाहता दोन्ही वर्षी तेवढेच पायजमे विकले गेले असतील. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही अनुभवाने ठाऊक आहे. दिवाळीही १२ नोव्हेंबर २०२३ ला येते आणि २०२५ साली ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा तुलना महिन्याची महिन्याशी न करता सणाआधीच्या दिवसांची सणाआधीच्या दिवसांशी करावी.

याहून नाजूक एक उदाहरण आहे. निपाणी परिसरात घरोघरी बायका विड्या वळत आल्या आहेत. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते आणि कार्ड एकीच्या नावावर असते. त्या कार्डावरून कोणी ‘दर कामगारामागे रोज इतक्या विड्या’ असा आकडा काढला, तर तो कागदावर बरोबर आणि घरात खोटा. कारण पान कापते सासू, वळते सून, दोरा बांधते शाळेतून आलेली मुलगी, आणि नाव लागते एकीचे. छाटून परत केलेल्या विड्यांना लागलेला वेळ कोठेच लिहिलेला नसतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच निपाणीत तंबाखूच्या शेतकऱ्यांनी भावासाठी हमरस्ता अडवून धरला होता. शेतमालाला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळावा, ही त्यांच्या संघटनेची मागणी. तेथेही मूळ प्रश्न हिशेबाचाच होता : घरच्या माणसांनी शेतात घातलेले श्रम खर्चात धरावयाचे की नाही? धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी करविली, ती १९४० साली प्रसिद्ध झाली. शेतीचा जमाखर्च धंद्यासारखा मांडून पाहण्याचा खटाटोप आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे, आणि त्यासाठी माणसे बांधावर जात असत.

बांधावरून आठवले. साताऱ्याच्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. पुढे राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे ते प्रमुख झाले. पिकाचा उतारा किती येईल हे ठरविण्यासाठी शेतातला लहानसा तुकडा मापून कापतात आणि त्यावरून अंदाज करतात. सुखात्म्यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, कापलेला तुकडा फार लहान असेल तर अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो. का? तुकड्याच्या सीमारेषेवर जे रोप असते ते आत धरावयाचे की बाहेर, हे कापणारा हात ठरवितो, आणि हात बहुधा ते आत ओढतो. तुकडा जेवढा लहान, तेवढी कडेच्या रोपांची गर्दी अधिक. अत्यंत थोर गणित ज्यांना येत होते त्यांनी विळा धरलेल्या हाताकडे लक्ष दिले, हे मला फार मोठे वाटते. (सीमेवरच्या रोपाला दोन्ही बाजू आपल्याकडे ओढतात, हे आपल्याला निराळे सांगावयास नको!)

आता बोलण्या-लिहिण्याविषयी. तुम्हाला पॉवर बी.आय.वर रंगीत डॅशबोर्ड करावयास शिकवितात. करा, त्याला माझी हरकत नाही. पण शेठजीचा प्रश्न एकच असतो : ‘माल किती भरू?’ त्याला आधी उत्तर द्या. ‘गेल्या वर्षापेक्षा थोडा कमी भरा, अमुक ते तमुकच्या दरम्यान.’ मग कारण सांगा. मग शेवटी, आणि हे कोणी सांगत नाही, आपला अंदाज कोणत्या परिस्थितीत चुकेल ते सांगा. ‘पाऊस लांबला तर हे लागू नाही.’ अर्ध्या पानात हे बसले पाहिजे, मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत. मी शाळेत जे उत्तर आधी, रीत मागून लिहिल्यास गुण कापीत असे, तेच इथे करावयास सांगतो आहे. पण इथे वाचणारा परीक्षक नाही, त्याला दुकान उघडावयाचे आहे.

प्रश्न विचारताना लाजू नये, पण एकच प्रश्न तीनदा विचारू नये, वही ठेवावी. शून्याने आणि पाचाने संपणारे आकडे फार दिसले की समजावे, मोजले नाही, अंदाजे लिहिले आहे. जनगणनेतली वयेसुद्धा अशीच शून्यावर आणि पाचावर दाटी करतात. उद्यमबागेतल्या एखाद्या ओतशाळेत रात्रपाळीला किती नग नापास झाले, याच्या नोंदी रोज दहा, पंधरा, दहा, वीस अशा असतील, तर त्यांवर आलेख काढण्यापूर्वी एक रात्र तेथे जाऊन उभे राहावे. भट्टीजवळच्या माणसाच्या हातात पेन धरायला वेळ असतो का, हे दिसेल. प्रमाणपत्रांच्या ढिगाविषयी आणि मुलाखतीच्या टायविषयी इतर वक्ते बोलतील.

एक गोष्ट मात्र पदवीच्या कागदावर कोठेच नसते. दुसऱ्याचे आकडे तुमच्या हाती येतात ते अमानत म्हणून. कोणाची उधारी किती, कोणता रोगी कशासाठी दवाखान्यात आला, कोणत्या बाईच्या खात्यात किती शिल्लक, हे तुम्हाला दिसते. त्याचे चित्र काढून मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे ही खयानत आहे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला. परंतु लहान गावात कायद्याच्या आधी नाव जाते, आणि एका मुलाचे गेले की त्याच्या मागून येणाऱ्या सर्वांना दार बंद होते.

आता दोन शब्द विश्वस्तांशी, जरा स्पष्ट. आपला ट्रस्ट मुलांची फी भरतो. ज्या पैशातून ती भरली जाते त्यात विडी वळणाऱ्या आणि भाजी विकणाऱ्या बायकांचे दहा-वीस रुपये आहेत, हे पावतीपुस्तक ज्यांनी फिरविले त्यांना माहीत आहे. फी भरली की आपले कर्तव्य संपले, असे आपण आजवर मानले. पण फीमुळे पदवी मिळते, उमेदवारी मिळत नाही. शहरातल्या सधन मुलाला काकाच्या कंपनीत उन्हाळ्याची सुट्टी घालवता येते. आपल्या मुलाचा काका हमाल आहे. सरकारचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही त्यात वाव मिळाला. तरीही ती दारे मोठ्या कारखान्यांची. आपल्या दारची उमेदवारी आपणच उघडली पाहिजे.

माझी सूचना अशी. पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतर प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाने सहा आठवडे आपल्याच भागातील एका दुकानात, पतसंस्थेत, ओतशाळेत किंवा दवाखान्यात काम करावे. काम एकच : मागील एका वर्षाच्या नोंदी नीट लावणे आणि मालकाच्या एका प्रश्नाचे अर्ध्या पानात उत्तर देणे. जास्त काही नाही. बसचा पास आणि दुपारचे जेवण ट्रस्टने द्यावे, कारण सुट्टीत ही मुले कोठेतरी मजुरी करून घरी चार पैसे देतात, ते बुडणार. मुलींसाठी दोघी-दोघींची जोडी लावावी आणि जेथे आधीपासून बायका कामाला आहेत अशीच ठिकाणे निवडावीत. म्हणजे घरची माणसे नाही म्हणणार नाहीत. व्यापारी बंधूंची भीती मला ठाऊक आहे. वही बाहेर गेली तर? वही बाहेर जाणार नाही. मुले तुमच्याच गल्ल्याशेजारी बसतील, गिऱ्हाइकांची नावे काढून क्रमांक घालतील, आणि तसे लिहून देतील. कराच्या हिशेबाशी आम्हाला कर्तव्य नाही. पैसा कोठून आणावा, हा प्रश्न येईल. महोत्सवानिमित्त दारापुढे जी कमान उभारण्याचे ठरले आहे तिचा नकाशा मी पाहिला. सुंदर आहे. तिची उंची तीन फूट कमी केली तर दोन वर्षांचे बसचे पास निघतात. हिशेब मी चिटणीसांकडे दिला आहे, त्यांनी तो तपासून पाहावा.

होकार दिलेल्या ठिकाणांची यादीही त्यांच्याजवळच आहे. सध्या तिच्यात अकरा नावे आहेत. त्यांत किराणा व कापडाची दुकाने पुष्कळ आहेत, पतसंस्था दोन आहेत. ओतशाळा एकही नाही आणि दवाखाना एकही नाही. बेळगावाहून आलेल्या मंडळींपैकी कोणाची उद्यमबागेत ओळख असेल तर त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावे. चहा होईपर्यंत मी बाहेरच्या व्हरांड्यात थांबतो आहे.